सिंह गेल्यावरचा तंबू : सर्कस ऑफ हॉरर्सची वाटचाल

या स्मरणिकेत विष्णुपंत छत्र्यांपासूनच्या मराठी सर्कसवाल्यांची घराणी आली आहेत. त्यांच्या पंगतीत एका विलायती कंपनीचं पान मांडायचं, तेही खोटं रक्त, खऱ्या तलवारी आणि कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी घेऊन फिरणाऱ्या कंपनीचं, म्हणजे काही जुन्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडणार. पडू देत. 'सर्कस ऑफ हॉरर्स' १९९५ साली इंग्लंडात निघाली. जनावरं गेली आणि सर्कस संपली, हे आपल्याकडे इतक्या वेळा म्हणून झालंय की आता त्यावर कोणी वादही घालत नाही. अशा वेळी एकाही जनावराशिवाय पंचविशी ओलांडणाऱ्या कंपनीचं गणित काय होतं, ते बघायलाच हवं.

गणिताची सुरुवात जेरी कॉटलपासून होते. जन्म १९४५, सरे परगण्यातल्या कारशॉल्टनचा. वडील शेअरदलाल, घर खाऊनपिऊन सुखी. लहानपणी लंडनच्या अर्ल्स कोर्टात सर्कस पाहिली आणि पोरगं कामातून गेलं. घरातून पळून सर्कशीत जाणं हे बहुतेकांच्या बाबतीत गोष्टीतच घडतं. कॉटलनं १९६१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते खरंच केलं आणि रॉबर्ट ब्रदर्सच्या सर्कशीत दाखल झाला. विलायती सर्कस म्हणजे घराण्यांचा धंदा. आजोबा घोड्यावर, बाप झुल्यावर, नातू रिंगणात, असं चालत आलेलं. बाहेरून आलेल्याच्या हातात आधी फावडं देतात. कॉटलनंही जनावरांची उस्तवार केली, चेंडू झेलायला शिकला, आणि १९६८ मध्ये फॉसेट या जुन्या सर्कस घराण्यातल्या बेटीशी लग्न केलं. १९७० मध्ये ब्रायन ऑस्टिनच्या भागीदारीत त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली. माणसं मोजकीच, त्यामुळे बाहेर जो तिकिटं देईल त्यानंच आत येऊन खेळ करायचा असा मामला. पाच-सहा वर्षांत मात्र त्याचं नाव इतकं झालं की बीबीसीचा 'सीसाइड स्पेशल' हा शनिवार रात्रीचा लोकप्रिय कार्यक्रम त्याच्याच तंबूतून प्रक्षेपित व्हायला लागला. मग हाव सुटली. बर्फावरची सर्कस घेऊन तो इराणला गेला, नेमकी तेव्हाच तिथे शहाची गादी हलली, आणि १९७९ मध्ये कॉटलचं दिवाळं वाजलं. तो पुन्हा उभा राहिला. या माणसाचं एक वैशिष्ट्य असं की बुडाल्यावर त्याला नवीन काहीतरी सुचायचं.

तोवर ब्रिटनमधलं वारं फिरलं होतं. फिरत्या सर्कशीला तंबू ठोकायला मैदान लागतं, आणि तिकडे ही मैदानं बहुतेक नगरपालिकांची. १९८० च्या दशकात एकामागून एक नगरपालिका ठराव करू लागल्या, की जनावरं आणणाऱ्या सर्कशीला आमची जागा नाही. संसदेत कायदा व्हायच्या कितीतरी आधी हा मैदानाचा कायदा लागू झाला होता. कॉटलनं फार काळ हुज्जत घातली नाही. १९९३ पर्यंत शेवटचा हत्तीही विकला, आणि चिनी कसरतपटूंचे आणि मॉस्कोच्या सर्कशीचे ब्रिटनमधले दौरे हाती घेतले. हे दौरे चालले. तरी चिनी थाळ्या आणि रशियन झुले यांत कौतुक असतं, छातीत धडधड नसते, हे त्याच्यासारख्या जुन्या खेळियाला कळल्याशिवाय राहिलं नसणार.

सर्कस पहिल्या दिवसापासून भीतीच विकत आली आहे. १७६८ मध्ये लंडनच्या लँबेथ भागात फिलिप ॲस्टली या माजी घोडदळ शिपायानं गोल रिंगणात घोडे फिरवायला सुरुवात केली. पुढे ठरलेला त्या रिंगणाचा ४२ फुटांचा व्यास आजही जगभर टिकून आहे, कारण तेवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत धावला की त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या माणसाला तोल साधता येतो. बघणाऱ्याचं लक्ष मात्र तोलाकडे नसतं. त्याच्या मनात एकच, पडला तर? पुढच्या शतकात पिंजरा आला, सिंह आले, आणि 'पडला तर' च्या जागी 'फाडला तर' आलं. सिंह गेल्यावर हा प्रश्न रिकामाच राहिला. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांनी त्या जागी कुत्रे, पोपट आणि आणखी दोन विदूषक आणले. कॉटलच्या नव्या कंपनीनं तिथे माणसाचं शरीरच आणून ठेवलं. माझ्या मते हा एक निर्णय म्हणजेच या संस्थेचा इतिहास, बाकीचा सगळा तपशील.

अर्थात निर्णय एकट्या कॉटलचा नव्हता. दुसरा संस्थापक 'डॉक्टर हेझ'. पांढराफटक रंगवलेला चेहरा, काळा अंगरखा आणि डोक्यावर केसांचीच उभारलेली दोन शिंगं. कॉटल बाहेरून सर्कशीत आला, तर हेझ सर्कशीतच वाढला आणि तिथून रॉक संगीताकडे पळाला. लहान वयात आग खायला शिकलेला हा माणूस तरुणपणी बँड घेऊन वणवण फिरला. गाणी, आग आणि भीती यांचं एकत्र काहीतरी करायचं हे त्याच्या डोक्यात होतं. तंबू, ट्रक, परवाने आणि जाहिरातीची अक्कल कॉटलकडे होती. दोघांची गाठ पडली आणि १९९५ च्या ग्लास्टनबरी महोत्सवात पहिला खेळ झाला.

सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावच्या एका दुधाच्या शेतावर भरणारा हा संगीत महोत्सव. १९७० मध्ये सुरू झालेला, म्हणजे त्या वर्षी त्याची पंचविशी. चिखल, तंबू, रात्र-रात्र जागणारी तरुण पोरं. सर्कस म्हणजे आईबापांनी हाताला धरून न्यायची जागा, असं समजणाऱ्या पिढीला इथे कोणीतरी सांगत होतं, की लहान पोरांना आत येऊ देणार नाही. धंद्याच्या दृष्टीनं हा उलटा डाव होता. सर्कशीचं तिकीट घराघरात खपतं ते मुलांच्या हट्टामुळे, आणि इथे तो हट्टच दाराबाहेर ठेवला होता. डाव लागला, कारण शाळा सुटलेल्या वयाचा जो प्रेक्षक सर्कशीनं कायमचा गमावला होता तो रॉकच्या आमिषानं परत आला.

हे सगळं आभाळातून पडलं नव्हतं. पॅरिसमध्ये १८९७ पासून १९६२ पर्यंत एका जुन्या चॅपेलमध्ये 'ग्राँ गिन्योल' नावाचं नाटकगृह चालत होतं. गळे कापणं, डोळे काढणं, वेड्यांची इस्पितळं हा त्यांचा नेहमीचा मालमसाला. एकाच रात्री एक भीषण नाटुकलं, मग एक फार्स, पुन्हा भीषण, असा त्यांचा क्रम असे, कारण हसून सैल झालेला प्रेक्षक जास्त दचकतो. हेझच्या खेळाची वीण तंतोतंत हीच आहे. रॉकच्या बाजूनं पाहिलं तर स्क्रीमिंग लॉर्ड सच १९६० च्या दशकात शवपेटीतून मंचावर येत असे, आर्थर ब्राऊन १९६८ मध्ये डोक्यावर पेटता टोप घालून गात होता, आणि ॲलिस कूपर १९७३ च्या दौऱ्यात रोज रात्री गिलोटिनखाली मान देत होता. ते गिलोटिन तयार करणारा आणि जल्लाद होऊन उभा राहणारा होता जेम्स रँडी. बुवाबाजीची बिंगं फोडणारा म्हणून आपल्याकडच्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनाही माहीत असलेला तोच हा. सर्कशीच्या बाजूनं पाहिलं तर फ्रान्सची 'आर्काओस' १९८६ पासून मोटरसायकली आणि यांत्रिक करवती घेऊन फिरत होती, ब्रिटन गाजवत होती. १९९१ मध्ये डब्लिनला वादळात तिचा तंबू गेला आणि कंपनी कर्जात बुडाली. अमेरिकेत सिॲटलच्या जिम रोजची मंडळी १९९२ च्या 'लोलापलूझा' दौऱ्यात रॉक बँडांच्या जोडीनं खिळे, आकडे आणि तलवारींचे खेळ करून आली होती. सुटी सुटी माणसं ठिकठिकाणी होतीच. हेझ आणि कॉटल यांनी त्यांना एका तंबूत, एका कथेच्या दोरीत ओवलं. दर दौऱ्याला नवी कथा असे, कधी वेड्यांचं इस्पितळ, कधी रक्तपिपासूंची जत्रा, तर कधी मध्यरात्रीचं व्हिक्टोरियन लंडन. कथा म्हणजे तरी काय, एका कसरतीतून दुसरीत जायला वाट. तेवढ्यापुरतीच ती घ्यावी.

तलवार गिळण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण जादूगाराचं पातं मुठीत दुमडतं तसलंच काही असणार असा आपला समज असतो. तसं काही नाही. पातं बोथट असतं, पण खरं आणि अखंड असतं. खेळाडू मान मागे टाकतो, म्हणजे तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येतात. घशाला काही लागलं की उमाळा येतो, ती शरीराची स्वाभाविक राखण. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं सराव करून ती बोथट करावी लागते. मग पातं हृदयाच्या अगदी शेजारून, त्याला किंचित बाजूला सारत, जठरापर्यंत उतरतं. २००६ मध्ये ब्रायन विटकोंब हे डॉक्टर आणि डॅन मेयर हा तलवार गिळणारा अशा दोघांनी मिळून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावर पाहणी छापली. ११० जणांना विचारलं होतं, ४६ जणांची माहिती आली. घसा दुखणं हा नित्याचा त्रास. जबर इजा होतात त्या बहुधा लक्ष विचलित झाल्यावर किंवा खेळात काही जास्तीची करामत घातल्यावर. एकाच्या खांद्यावर मकाव पोपट बसला होता, त्यानं ऐनवेळी चाळा केला आणि अन्ननलिका फाटली. जनावरं काढून टाकली तरी कुठून तरी येतातच. एका नर्तकीच्या घशात एकाच वेळी तीन पाती असताना कोणा रसिकानं तिच्या कंबरपट्ट्यात डॉलरच्या नोटा खोचल्या, आणि आत पाती कात्रीसारखी फिरली. दौलतजादा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. या पाहणीला २००७ चं इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी ते असतं.

हॉरर्सच्या तंबूतला गाजलेला तलवारवाला हॅनिबल हेलमर्टो. अंगभर गोंदण, टक्कल, आणि पूर्वायुष्यात जर्मनीतला कर निरीक्षक. इंग्रजी वर्तमानपत्रांना ही बातमी इतकी आवडली की तलवारीपेक्षा नोकरीचाच उल्लेख जास्त झाला. आपल्याकडेही झाला असता. अनास्तासिया ही कलाकार वेणीला कडी अडकवून स्वतःच्या केसांवर अधांतरी लटकत असे. गॅरी स्ट्रेच याची कातडी रबरासारखी ताणली जाई, इतकी की १९९९ मध्ये पोटाची कातडी १५.८ सेंटिमीटर ओढून त्यानं गिनीज बुकात नाव लावलं. एहलर्स-डॅनलॉस नावाच्या जन्मजात विकारात कातडीतले जोडधागे कमकुवत असतात, त्याचं हे फळ. वैद्यकाच्या वहीत जो आजार, तो याच्या हातात पोटापाण्याचा धंदा झाला.

आणि इथेच या संस्थेवरचा सर्वांत जुना आक्षेप येतो. व्यंगाचा बाजार मांडला, हा. आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. याच लंडनमध्ये १८८४ साली टॉम नॉर्मननं व्हाइटचॅपल रस्त्यावरच्या एका दुकानात जोसेफ मेरिकला, म्हणजे पुढे 'एलिफंट मॅन' म्हणून जगाला कळलेल्या माणसाला, पैसे घेऊन दाखवलं होतं. हॉरर्समध्येही 'कॅप्टन डॅन, द डीमन ड्वॉर्फ' या नावानं एक बुटका कलाकार होता. २००७ च्या एडिंबरा फ्रिंज महोत्सवात तो ज्या अवयवाला व्हॅक्यूम क्लीनर जोडून मंचभर ओढत असे, त्याचं नाव या स्मरणिकेत छापता येणार नाही. जोडणीचा भाग तुटला, त्यानं तो जालीम गोंदानं चिकटवला. वाळायला वीस मिनिटं द्या असं लिहिलेलं, यानं वीस सेकंद वाचलं. पुढचं इस्पितळात. ही बातमी जगभर फिरली आणि तिकिटं खपली, हेही लिहायला हवं.

यातल्या माणसांना विचारलं तर ती म्हणणार, आम्हाला कोणी धरून आणलेलं नाही. त्याच १९९५ साली फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं बुटक्या माणसाला उचलून फेकण्याच्या खेळावर मोर्सां-सुर-ओर्ज गावानं घातलेली बंदी मानवी प्रतिष्ठेच्या नावानं उचलून धरली. बंदीविरुद्ध भांडत होता तो फेकला जाणारा माणूसच. माझी रोजी गेली, माझी प्रतिष्ठा त्यातच होती, असं त्याचं म्हणणं. तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेला आणि २००२ मध्ये तिथेही हरला. मला स्वतःला फेकला जाणारा आणि खेळ करणारा यांत फरक वाटतो. हॉरर्सच्या रिंगणात हसण्याची दोरी खेळणाऱ्याच्या हातात असते, मेरिकच्या दुकानात ती नव्हती. तरी त्या हशामागे बघ्यांच्या मनात काय चाललेलं असतं याची हमी कोणी द्यावी? हेझही देणार नाही.

तलवारींच्या खेळाची आपल्याकडची एक बाजू विलायती लेखक ओझरती सांगून पुढे जातात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामो सामी नावानं ओळखला जाणारा दाक्षिणात्य खेळिया लंडनमध्ये चेंडू झेलून आणि तलवार गिळून गर्दी खेचत होता. तिथेच संसार केला, तिथेच १८५० मध्ये वारला. आपल्या रस्त्यावरच्या डोंबाऱ्यांनी, गारुड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं, ते विलायतेत रंगमंचावर पोचवणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. हेलमर्टोच्या धंद्याचं गोत्र असं आपल्या अंगणातून जातं.

आणि सर्कशीत गाणं ही कल्पना तर मराठी माणसाला नवी वाटायचं कारणच नाही. किआरिनीची इटालियन सर्कस मुंबईत पाहून १८८० मध्ये स्वतःची कंपनी काढणारे कुरुंदवाडचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते. गुरुपुत्र रहिमत खाँ हलाखीत होते, त्यांना विष्णुपंतांनी आपल्याबरोबर ठेवलं, सर्कशीच्या मुक्कामांवर मैफली केल्या. एका बाजूला वाघाची डरकाळी, दुसरीकडे ख्याल. फरक इतकाच, की छत्र्यांकडे गाणं हे गाणं म्हणून उभं होतं. रहिमत खाँची गायकी त्या तंबूबाहेर जाऊन पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरली. हॉरर्सच्या गाण्यांबद्दल तसं म्हणवत नाही. हेझची गाणी खेळाला धक्का देतात, वेळ साधतात, आग फुंकली जाते त्या क्षणी ढोल बरोबर पडतो. पण घरी जाऊन कोणी ती गुणगुणत बसेल असं वाटत नाही. रॉक हे इथे जुन्या सर्कशीच्या बॅंडचंच काम करतं, फक्त तुतारीच्या जागी गिटार आली.

कंपनीच्या टिकण्यामागे कलेइतकंच हिशेबाचं डोकं आहे. सुरुवातीची वर्षं मोठ्या तंबूत गेली. मग हळूहळू मुक्काम नाटकगृहांकडे वळला. तंबू म्हणजे खांब, दोर, जनित्र, चिखल, आणि वारा सुटला की रात्रभर जागरण. आर्काओसचं डब्लिनला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. नाटकगृहात छप्पर असतं, खुर्च्या असतात, तिकीटघर असतं. ख्रिसमसचे बालनाट्याचे खेळ आटोपले की जानेवारी-फेब्रुवारीत गावोगावची नाटकगृहं ओस पडतात. त्याच थंडीत हे लोक एका गावात एक रात्र असा दौरा काढत, आणि ऑक्टोबरात हॅलोविनची सुगी पुन्हा साधत. शिवाय परदेशांतले संगीत महोत्सव, दक्षिण अमेरिकेपासून जपानपर्यंत, आणि दूरचित्रवाणीवरच्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'मध्ये हजेरी. कॉटल तोवर दुसरीकडे गुंतला होता. २००३ मध्ये त्यानं सॉमरसेटमधल्या वूकी होल गुहा विकत घेतल्या. दगड झालेल्या चेटकिणीच्या दंतकथेसाठी त्या प्रसिद्ध. २००९ मध्ये या गुहांसाठी चेटकीण पाहिजे अशी रीतसर नोकरीची जाहिरात निघाली, पगार वर्षाला ५०,००० पौंडांच्या हिशेबानं, आणि अर्जांचा पाऊस पडला. कंपनी हेझच्या हाती होती.

आपल्याकडे केंद्र सरकारनं १९९८ मध्ये वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबळ्या यांच्या खेळांवर बंदी घातली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०११ मध्ये लहान मुलांना कामाला ठेवण्यावरही बंदी आली, तीही योग्यच. दोन्ही वेळा आपल्या मालकांनी आधी कोर्टाकडे आणि मग सरकारी अनुदानाकडे पाहिलं. जत्रेतला मौत का कुआँ मात्र कोणाकडे न पाहता चालूच राहिला. फळ्यांच्या भिंतीवर मोटरसायकल चढवणारा, वर वाकून बघणाऱ्यांच्या हातातली नोट पळत्या गाडीवरून टिपणारा पोरगा हॉरर्सच्या कोणत्याही तंबूत शोभला असता. त्याच्याभोवती कथा, दिवे आणि बँड बांधून त्याला शहरातल्या नाट्यगृहात आणावं, असं आपल्या एकाही सर्कसवाल्याच्या डोक्यात का आलं नसेल?

इंग्लंडात सर्कशीतल्या वन्य प्राण्यांवरची बंदी प्रत्यक्ष लागू झाली २० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे कॉटलनं हत्ती विकल्यावर पाव शतकानं. दोन महिने होत नाहीत तोच, १६ मार्चला, करोनामुळे नाटकगृहांना टाळी लागली. पंचविशीचा जल्लोष करायच्या वर्षात कंपनी घरी बसली. १३ जानेवारी २०२१ रोजी त्याच आजारानं जेरी कॉटल गेला, वय पंचाहत्तर. सर्कसवाल्यांना सरकारी मदतीचे नियम लागू होता होता नाकी नऊ आले. नाटकगृहं पूर्ण क्षमतेनं उघडायला १९ जुलै २०२१ उजाडलं. त्यानंतर कंपनी पुन्हा एका रात्रीच्या मुक्कामांवर निघाली, रिंगमास्टर अर्थातच हेझ.